दानपेटीची किल्ली कोणाकडे?

पुणे-नाशिक महामार्गावर चाकणच्या चौकात सकाळच्या पाळीच्या वेळी उभे राहिले, की महाराष्ट्राच्या उद्योगविश्वाचे खरे दर्शन घडते. रात्रपाळी संपवून परतणारे आणि पहिल्या पाळीला निघालेले कामगार एकाच वेळी रस्त्यावर असतात. कंपन्यांच्या बसगाड्या, सहाआसनी रिक्षा, सायकली आणि पायी चालणारे तांडे यांनी रस्ता भरून जातो. या गर्दीत खेड आणि मावळातला भूमिपुत्र असतो. त्याहून अधिक संख्येने विदर्भ-मराठवाड्यातून, बिहार, ओडिशा, झारखंडमधून आलेला तरुण असतो. नाणेकरवाडी, खराबवाडी, कुरुळी, निघोजे, महाळुंगे या गावांच्या शिवारात उभ्या राहिलेल्या पत्र्याच्या खोल्यांत तो राहतो. एका खोलीत पाच-सहा जण. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी त्याच अंथरुणावर झोपते.

या माणसाचे हात सलामत आहेत तोवर त्याची सर्वांना गरज आहे. प्रश्न निर्माण होतो तो प्रेसखाली बोटे सापडल्यानंतर. तो ठेकेदाराकडचा कामगार. कंपनीच्या हजेरीपुस्तकात त्याचे नाव नाही, ठेकेदाराचा फोन लागत नाही, खोलीमालकाला भाड्याची चिंता, आणि गाव हजार मैल दूर. अशा वेळी त्याच्या खाटेशेजारी कोण येऊन बसते? बहुतेक वेळा कोणीच नाही. कधी गावाकडचाच एखादा सोबती, आणि कधी एखाद्या प्रार्थनामंडळाचा कार्यकर्ता. तो फळे आणतो, औषधाची चौकशी करतो, घरी पत्र किंवा फोन करून देतो आणि निघताना रविवारच्या प्रार्थनेचे निमंत्रण देतो. त्या निमंत्रणामागे असलेली व्यवस्था कोणती, तिचा खर्च कोण चालवतो, आणि त्या खाटेशेजारची दुसरी खुर्ची रिकामी का राहते, हे तिन्ही प्रश्न एकत्र विचारले पाहिजेत. पहिले दोन विचारून तिसरा टाळणे ही हिंदू समाजाची जुनी सवय आहे.

धर्मप्रसारासाठी निधी पुरवणाऱ्या धर्मादाय संस्था हा जगातील एक सुसंघटित व्यवहार आहे. युरोप-अमेरिकेतील सामान्य कुटुंब दरमहा ठरावीक रक्कम बाजूला काढते. ती एखाद्या संस्थेकडे जाते. संस्था ती आशिया-आफ्रिकेतील स्थानिक चर्चकडे पाठवते. आणि तिथे शाळा, वसतिगृह, दवाखाना, धर्मोपदेशकाचे वेतन अशा अनेक वाटांनी ती खर्च होते. देणाऱ्याची श्रद्धा खरी असते, त्याच्या दानामागे करुणाही असते. ‘कंपॅशन इंटरनॅशनल’ या अमेरिकन संस्थेने भारतात सुमारे अर्धशतक असे काम केले. एका परदेशी दात्यामागे एक भारतीय मूल, अशी तिची रचना होती. स्थानिक चर्चच्या माध्यमातून ती चाले. केंद्र सरकारने तिच्या निधीवर पूर्वपरवानगीचे बंधन घातल्यानंतर २०१७ च्या मार्च महिन्यात तिने भारतातील काम थांबवले, तेव्हा तिच्या यादीत सुमारे १ लाख ४५ हजार मुले होती. या आकड्याकडे दोन प्रकारे पाहता येते. एक म्हणजे, एवढ्या मुलांचे पालनपोषण एका धर्मप्रसारक रचनेशी जोडले गेले होते. दुसरे म्हणजे, एवढ्या मुलांना आधार देण्यासाठी त्यांच्या शेजारचा समाज पुढे आलेला नव्हता. यातील पहिले वाक्य बोलताना आवाज चढतो. दुसरे वाक्य बोलताना तो घशातच अडकतो.

प्रारंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. भारतीय ख्रिस्ती बांधवाचा धर्म, त्याची उपासना आणि आपल्या समाजासाठी संस्था चालवण्याचा त्याचा हक्क राज्यघटनेच्या २५ व्या आणि २६ व्या अनुच्छेदांनी मान्य केलेला आहे. पिंपरी, खडकी, पुणे येथील जुनी ख्रिस्ती कुटुंबे याच मातीतली आहेत आणि कारखान्यात शेजारच्या यंत्रावर तीच माणसे काम करतात. त्यांच्याविषयी संशय पसरवणे हे अन्यायाचे आणि राष्ट्रहिताला बाधकही आहे. आक्षेप आहे तो माणसाच्या संकटाला धर्मांतराचे दार बनवण्यावर. १७ जानेवारी १९७७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने स्टॅनिस्लॉस खटल्यात हाच भेद नोंदवला. धर्माचा प्रचार करणे म्हणजे त्याची तत्त्वे इतरांसमोर मांडणे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा मूलभूत अधिकार त्यात अंतर्भूत नाही, कारण तसे मानले तर समोरच्याच्या सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्याला अर्थ उरत नाही. ज्याच्या हातावर पट्टी आहे आणि खिशात पैसा नाही, त्याचा सद्सद्विवेक कितपत स्वतंत्र असतो, हा प्रश्न कायद्यापेक्षा मोठा आहे.

हा वाद आजचा नाही. पुणे जिल्ह्याने तो सव्वाशे वर्षांपूर्वी अत्यंत तीव्रतेने अनुभवला आहे, आणि त्या अनुभवात आजच्या सर्व प्रश्नांची बीजे आहेत. पंडिता रमाबाई हे त्या अनुभवाचे नाव. १८५८ साली जन्मलेल्या या विदुषीला वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी, लोकनिंदा पत्करून, संस्कृत शिकवले होते. आईवडील दुष्काळात गेले. भावासह देशभर पायी फिरत ती १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली आणि तिथल्या पंडितांनी तिला ‘सरस्वती’ व ‘पंडिता’ या पदव्या देऊन गौरवले. १८८२ साली तिला वैधव्य आले. त्याच वर्षी पुण्यात येऊन तिने आर्य महिला समाजाची स्थापना केली. ज्या समाजाने तिला सरस्वती म्हटले, त्या समाजाजवळ निराधार विधवेला द्यायला एक छप्पर मात्र नव्हते. पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, इंग्लंडमधील वाँटेज येथे तिने बाप्तिस्मा घेतला.

१८८६ साली रमाबाई अमेरिकेला गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. दहा वर्षे निधी पुरवण्याचे त्याने मान्य केले. या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यात आले. संस्थेत धर्मशिक्षण दिले जाणार नाही, हे तिचे जाहीर धोरण होते. त्या विश्वासावर न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळात आपली नावे दिली. ‘केसरी’ने मात्र या उपक्रमाकडे सावध नजरेने पाहिले होते. रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला मुली उपस्थित राहतात, हे उघड झाल्यावर वाद पेटला. सक्ती नाही, असे रमाबाईंचे म्हणणे. आश्रयावर जगणाऱ्या मुलीला आश्रयदात्रीच्या उघड्या दाराचा मोह टाळता येतो का, असा पुण्याचा सवाल. १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. बॉस्टनचे मंडळ रमाबाईंच्या पाठीशी राहिले.

या प्रसंगातील मर्म नेमके इथे आहे. पुण्यातील सल्लागारांना सल्ला देता येत होता; निर्णय करता येत नव्हता. ज्यांच्या मुली त्या छपराखाली होत्या ते पुण्यात होते आणि दानपेटीची किल्ली बॉस्टनमध्ये होती. सल्लागारांपुढे राजीनाम्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता. संस्थेचे ध्येय अखेर तिच्या तिजोरीच्या दिशेने वळते, हा नियम कोणत्याही धर्माच्या संस्थेला लागू आहे. पुढे १८९६-९७ च्या आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत रमाबाईंनी मध्य प्रांत, गुजरात येथून शेकडो अनाथ मुली-स्त्रियांना आणून दौंडजवळच्या केडगाव येथे मुक्तिसदन उभे केले. आता ती उघडपणे ख्रिस्ती धर्मकार्याची संस्था होती. तिथे विणकाम होते, शेती होती, छापखाना होता. आणि प्रार्थनाही होती. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी निवर्तल्या. त्यांची संस्था आजही केडगावात आहे. उपाशी मुलींना उचलून आणणाऱ्या या स्त्रीच्या धैर्याला प्रणाम करण्यात हिंदू समाजाला संकोच वाटण्याचे कारण नाही. तिच्या मार्गाशी असलेला मतभेद प्रामाणिकपणे सांगतानाच, दुष्काळातल्या त्या मुलींना घ्यायला तिच्याआधी कोण गेले होते, याचेही उत्तर दिले पाहिजे.

असे उत्तर एका माणसाने दिले. ते भाषणातून नव्हे, कृतीतून दिले. फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. या गोदूबाई शारदासदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. विवाहानंतर त्या आनंदीबाई झाल्या आणि पुढे ‘बाया कर्वे’ म्हणून महाराष्ट्राला परिचित झाल्या. मुरूडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांवर बहिष्कार टाकला. तरीही १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली आणि आपल्या बचतीतील एक हजार रुपये तिच्यासाठी दिले. १९०० साली आश्रम हिंगण्याला गेला. त्यासाठी रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी जमीन दिली. कर्वे शहरातील अध्यापन संपवून चिखल तुडवत पायी हिंगण्याला जात. रजा-सुट्ट्यांमध्ये ते गावोगाव वर्गणीसाठी फिरत. चार आणे देणाऱ्याचेही नाव वहीत लिहीत. १९१६ साली याच रोपट्यातून महिला विद्यापीठ उभे राहिले आणि १९५८ साली शंभरीत पोहोचलेल्या या कर्मयोग्याला भारतरत्न किताब मिळाला.

शारदासदनावर टीकेचे लेख लिहिणारे अनेक होते आणि त्यांची टीका अस्थानी होती असेही नाही. परंतु सव्वाशे वर्षांनंतर टिकून राहिले ते हिंगण्याचे काम. कर्व्यांनी रमाबाईंची निंदा केली नाही. उलट, त्यांच्या कामापासून प्रेरणा घेतल्याचे ते सांगत राहिले. त्यांनी फक्त दानपेटीची किल्ली आपल्या समाजाच्या हाती ठेवली. वही उघडी, हिशेब चोख, आणि विधवेला छप्पर देताना तिच्याकडून श्रद्धेची किंमत न मागणे, इतकेच. परकीय धनावर चाललेल्या धर्मकार्याला याहून समर्पक उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासात दुसरे नाही.

परक्या दानाचा भार ज्यांनी स्वतः वाहिला, त्यांनाही तो जाणवला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि अखेरपर्यंत निष्ठावंत ख्रिस्ती राहिले. त्याच टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने, पगारी मिशनच्या चौकटीबाहेर, भारतीय वळणाची भक्तिमंडळी उभारण्याचा प्रयत्न केला. भजन-कीर्तनाच्या वाटेने ख्रिस्ताकडे जाऊ पाहणाऱ्या या मराठी कवीला साहेबाच्या वेतनपत्रकाचा काच सोसवेना. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. साठच्या दशकानंतर आफ्रिकेतही हाच विचार उमटला. केनियातील प्रेस्बिटेरियन चर्चचे नेते जॉन गाटू यांनी १९७१ साली अशी मागणी केली, की परदेशी मिशनऱ्यांनी आणि त्यांच्या पैशाने काही काळ थांबावे; आमच्या चर्चला स्वतःच्या पायावर उभे राहू द्यावे. धर्मकार्यातील परकीय पैशाविषयी प्रश्न विचारणे म्हणजे ख्रिस्ती धर्माचा द्वेष करणे, असा कांगावा जे करतात, त्यांनी या दोन ख्रिस्ती व्यक्तींचे स्मरण ठेवावे.

स्वतंत्र भारताच्या शासनाने या प्रश्नाची दखल फार पूर्वी घेतली. नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी असताना, १९५४ साली, तेथील काँग्रेस सरकारने निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९५६ साली तिचा अहवाल आला. शाळा, रुग्णालये आणि वसतिगृहे यांचा वापर धर्मांतरासाठी होतो, असा निष्कर्ष तिने काढला आणि परदेशी निधीवर नियंत्रणाची शिफारस केली. ख्रिस्ती संस्थांनी हे निष्कर्ष अमान्य केले. वाद झाला आणि अहवाल कपाटात गेला. परकीय निधीसंबंधीचा पहिला कायदा १९७६ साली आला, तोही आणीबाणीत आणि राजकीय कारणांनी. त्याच्या जागी २०१० चा कायदा आला. २०२० च्या दुरुस्तीने नियम अधिक कडक झाले. सर्व परदेशी निधी दिल्लीतील स्टेट बँकेच्या एकाच मुख्य शाखेतील खात्यातून यावा, एका संस्थेने तो दुसरीकडे वळवू नये, प्रशासकीय खर्च पन्नास टक्क्यांऐवजी वीस टक्क्यांच्या आत ठेवावा, अशी ही बंधने आहेत. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती मुख्यत्वे वैध ठरवली. परदेशी देणगी मिळवणे हा कोणाचा निरपवाद हक्क नाही, अशी भूमिका घेतली.

मात्र हेही समजून घेतले पाहिजे, की या कायद्याने धार्मिक कार्यासाठी परदेशी निधी घेण्यास बंदी केलेली नाही. सामाजिक, शैक्षणिक, आर्थिक, सांस्कृतिक यांच्या जोडीने धार्मिक हेतूही त्यात मान्य आहे. अट आहे ती नोंदणीची आणि ज्या हेतूसाठी घेतले त्याच हेतूसाठी खर्च करण्याची. आपल्या राज्यातील १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा तर याहून मूलगामी भेद करतो. त्याच्या नवव्या कलमात गरिबी निवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत यांना धर्मादाय हेतू म्हटले आहे आणि केवळ धर्मशिक्षण किंवा उपासना यांच्याशी संबंधित हेतू त्यातून वगळला आहे. सेवा ही सेवा आहे आणि उपासना ही उपासना. दोन्ही वंदनीय आहेत, दोन्हींसाठी न्यास करता येतो. पण एकाच्या नावाने पैसा घेऊन दुसऱ्यावर खर्च करणे हा दात्याशी आणि लाभार्थीशी केलेला विश्वासघात आहे. आग्रह धरायचा असेल तर या पारदर्शकतेचा धरला पाहिजे.

आणि हा आग्रह सर्वांना सारखाच लागू झाला पाहिजे. परदेशस्थ हिंदू बांधवांकडूनही भारतातील सेवाकार्यांना निधी येतो. त्याचीही नोंदणी, त्याचाही हिशेब, त्याचीही जाहीर छाननी झाली पाहिजे. संघाने आपल्या कार्याचा खर्च स्वयंसेवकांच्या गुरुदक्षिणेतून चालवण्याची प्रथा घालून दिली, त्यामागील विचार हाच आहे. ज्याचे काम, त्याचीच पदरमोड. रुग्णसेवा करताना रुग्णाचा धर्म विचारायचा नाही, हा नियमही दोन्ही बाजूंना आहे. हिंदू कार्यकर्ता एखाद्या जखमी ख्रिस्ती किंवा मुस्लिम कामगाराच्या खाटेपाशी बसला आणि त्याने त्याच्याकडून कसलीच अपेक्षा ठेवली नाही, तरच आमिषाविरुद्ध बोलण्याचा नैतिक अधिकार त्याला मिळतो.

कायदा हे कुंपण आहे. कुंपणाने पिकाचे रक्षण होते. पीक मात्र शेतात पेरावेच लागते. ज्या शेतात काही पेरलेलेच नाही, त्याला कितीही उंच कुंपण घातले तरी हाती गवतच लागणार. परदेशी संस्थेचा परवाना रद्द झाला की अनेकांना विजयाचा आनंद होतो. त्या संस्थेच्या वसतिगृहातील मुले त्या संध्याकाळी कोठे जेवली, याची चौकशी करणारे किती निघतात? परवाना रद्द करणे हे शासनाचे काम असू शकेल. त्या मुलांची पंगत मांडणे हे समाजाचे काम आहे.

हे काम होऊ शकते, याचा पुरावा शोधायला दूर जावे लागत नाही. चिंचवड गावातच तो आहे. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव या चापेकर बंधूंचे हे गाव. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडून फासावर गेलेल्या या घराचा वाडा स्मारक म्हणून उभा राहिला आणि त्या स्मारकाच्या कार्यातूनच पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् हा प्रकल्प आकाराला आला. पारधी आणि अन्य भटक्या-विमुक्त समाजांतील मुले-मुली तिथे राहून शिकतात. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवले आणि १९५२ साली तो कायदा गेल्यानंतरही समाजाने ज्यांच्या कपाळावरचा शिक्का पुसला नाही, त्यांचीच ही लेकरे. गिरीश प्रभुणे यांनी आधी तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे आणि मग चिंचवडला या कामात आयुष्य वेचले. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, आणि त्याच दिवसांत गुरुकुलाला महापालिकेची मिळकतकराच्या थकबाकीची नोटीस आल्याची बातमीही वाचायला मिळाली. सेवाकार्याचा सन्मान आणि सेवाकार्याची उपेक्षा कशी हातात हात घालून चालतात, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. गौरव करण्यात समाज तत्पर असतो. भार उचलण्यात नसतो.

खरे तर या पट्ट्यात दानाची परंपरा कमी नाही. चिंचवडला मोरया गोसावींची संजीवन समाधी आहे आणि मोरगाव, सिद्धटेक, थेऊर या गणेशस्थानांची व्यवस्था तिथले देवस्थान पाहते. एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी. आषाढी वारीला निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते, तेव्हा निगडीपासून दापोडीपर्यंत घराघरांतून वारकऱ्यांसाठी भाकरी-पिठले, केळी, पाणी घेऊन माणसे रस्त्यावर उभी असतात. त्या दिवशी कोणी कोणाची जात विचारत नाही, गाव विचारत नाही. वारकऱ्याचे पाय चेपणारे ते हात दुसऱ्या दिवशी कोठे जातात? वारीत शेजारून चालणारा तो माणूसच भाद्रपदात निघोज्याच्या पत्र्याच्या खोलीत तापाने फणफणलेला असतो. देव कोठे ओळखावा, हे तुकोबांनी याच इंद्रायणीच्या काठी सांगून ठेवले आहे. त्यांच्या पादुकांवर मस्तक ठेवणाऱ्यांना ते वेगळे सांगावे लागू नये.

१९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, पाठोपाठ टेल्को आणि बजाजसारखे कारखाने उभे राहिले, १९८२ साली महापालिका झाली आणि एकविसाव्या शतकात चाकण हे मोटारउद्योगाचे जागतिक केंद्र बनले. माळरानावर उभ्या राहिलेल्या या नगरीने दोन-तीन पिढ्यांना घर, गाडी आणि मुलांना परदेशी शिक्षण दिले. श्रीमंत महापालिका म्हणून तिचा लौकिक झाला. गणेशोत्सवातील मंडळांची वर्गणी, मंदिरांच्या जीर्णोद्धाराच्या देणग्या, सोसायट्यांतील सत्यनारायणाचे प्रसाद, यांत दातृत्व दिसतेच. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांनी आपल्या सरासरी नफ्यातील किमान दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करायचे आहेत आणि त्यात आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यायचे आहे. म्हणजे पैसा आहे, मनुष्यबळ आहे, श्रद्धाही आहे. उणीव आहे ती या तिन्ही गोष्टी त्या पत्र्याच्या खोलीपर्यंत नेणाऱ्या माणसांची.

बाळासाहेब देवरसांनी ८ मे १९७४ रोजी पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत हिंदू समाजाच्या संघटनाचा विचार मांडताना सामाजिक समतेचा प्रश्न केंद्रस्थानी आणला होता. अस्पृश्यता चूक नसेल तर जगात काहीच चूक नाही, अशा आशयाचे त्यांचे परखड बोल आजही स्मरणात आहेत. धर्मांतराच्या प्रश्नाची मुळे अनेकदा परदेशी धनापेक्षा स्वदेशी उपेक्षेत असतात, हे त्या विचाराचेच पुढचे पाऊल. पाणवठा नाकारलेल्या माणसाला कोणी पाणी दिले, तर पाणी देणाऱ्याचा हेतू तपासण्याआधी पाणवठ्याची किल्ली ज्यांच्या कमरेला होती त्यांनी मान खाली घातली पाहिजे. वनवासी कल्याण आश्रम १९५२ पासून जशपूरच्या जंगलातून आणि जनकल्याण समिती १९७२ च्या दुष्काळापासून महाराष्ट्रात जे काम करीत आली, ते या जाणिवेतूनच. औद्योगिक वस्ती हे आजच्या काळातील नवे अरण्य आहे. तिथे वाघ नाहीत, एकाकीपण आहे.

या अरण्यात प्रवेश करायला फार मोठी योजना लागत नाही. प्रत्येक शाखेने किंवा मंडळाने एक कामगार वस्ती आपली मानावी. आठवड्यातून एक संध्याकाळ दोन कार्यकर्त्यांनी पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात, ज्यांच्याकडे कोणी भेटायला येत नाही अशा रुग्णांपाशी बसावे. निवृत्त कामगार आणि संघटनांचे जुने पदाधिकारी या भागात हजारोंनी आहेत. जखमी कामगाराचे राज्य कामगार विम्याचे कागद, अपघाताच्या भरपाईचा अर्ज, बांधकाम मजुराची मंडळाकडील नोंदणी यासाठी त्यांच्या अनुभवाइतका मोठा निधी दुसरा नाही. सोसायटीच्या रिकाम्या सभागृहात संध्याकाळी दोन तास मुलांची अभ्यासिका चालू शकते. देवस्थाने आणि गणेश मंडळे यांनी आपल्या उत्पन्नातील ठरावीक हिस्सा अशा कामांसाठी राखून ठेवावा आणि वर्षअखेर त्याचा ताळेबंद फलकावर लावावा. गृहिणींनी महिन्याच्या खर्चाच्या वहीत ‘वस्ती’ या नावाचे एक पान उघडावे. कर्व्यांच्या वहीतील चार आण्यांप्रमाणे तिथली छोटी रक्कमही मोठी ठरेल.

बॉस्टनच्या गृहिणींनी एकेकाळी पुण्याच्या विधवांसाठी पैसे साठवले. त्यांचा हेतू काय होता, यावर ग्रंथ लिहिता येतील; पण त्यांनी साठवले, ही गोष्ट खरी आहे. सातासमुद्रापलीकडच्या कुटुंबाला चाकणच्या मुलाची आठवण येते आणि पाच किलोमीटरवरच्या कुटुंबाला येत नाही, तेव्हा केवळ कायद्याचा धाक दाखवून प्रश्न सुटत नाही. दानपेटीची किल्ली परक्यांच्या हाती का गेली, याचे उत्तर सोपे आहे. ती आपल्या दाराशी पडलेली होती आणि वाकून उचलायला कोणी तयार नव्हते.

चाकणच्या चौकातून उद्या सकाळीही पहिली पाळी जाईल. त्यातला एखादा दुपारपर्यंत रुग्णालयात पोहोचेल. त्याच्या खाटेशेजारी कोण बसलेले असावे, हे ठरवण्याचा अधिकार आणि ते काम करण्याची संधी आजही याच नगरीतील हिंदू समाजाच्या हाती आहे. ती खुर्ची रिकामी ठेवून, तिच्यावर दुसरा कोणी बसला म्हणून तक्रार करण्याचे दिवस आता संपले पाहिजेत.